पाकळी गळाली त्या दुपारपासून

संक्रांतीच्या सुमारास ग्वाल्हेर-मुरैना-भिंड पट्ट्यात मोहरी फुलोऱ्यात असते. सकाळी धुकं, पाणी दिलेली जमीन ओली. इकडचे शेतकरी ज्याला ‘तना गलन’ म्हणतात, त्या खोडकुजीला याहून काय हवं? स्क्लेरोटिनिया नावाची बुरशी एक झाड कसं आडवं करते, त्याचा हा घटनाक्रम. थंडी-दमटपणाप्रमाणे तास मागेपुढे होतात.

पहिला दिवस, दुपार. मातीतल्या जुन्या काळ्या गाठींना इवल्या तपकिरी वाट्या फुटल्यात. त्यांतून बीजाणू उडतात. धडधाकट पानावर पडलेले बहुधा वाया जातात. एक मात्र पानाच्या बेचक्यात अडकलेल्या, गळलेल्या पाकळीवर पडतो.

रात्र. दव. बीजाणू रुजतो, पाकळीवर पोसतो. झाडानेच टाकलेला शिधा!

दुसरा दिवस, दुपार. धागे खोडाला भिडतात आणि ऑक्झॅलिक आम्ल सोडतात. पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिनमुळे, आणि पेक्टिन घट्ट असतं कॅल्शियममुळे. आम्ल ते कॅल्शियमच पळवतं. वर सामू चारच्या आसपास उतरवतं. पेक्टिन तोडणाऱ्या पॉलीगॅलॅक्च्युरोनेज या बुरशीच्या विकराला (एन्झाइमला) नेमका तोच मानवतो. झाडाचा सुरुवातीचा प्रतिकारही हेच आम्ल दाबून ठेवतं. नाव विकरांचं होतं, पण माझ्या मते पहिला गुन्हेगार आम्लच.

तिसरा दिवस, पहाट. पेक्टिनच्या साखळ्या तुटताहेत. मागून सेल्युलेज, झायलॅनेज ही विकरं. झाड गप्प बसलेलं नाही: तुटलेले तुकडेच त्याला धोक्याची खबर देतात, आणि ते विकराला अडवणारी प्रथिनं बनवतं. पुरत नाहीत.

विकरांची ही करामत १८८६ साली वनस्पतिशास्त्रज्ञ आन्टोन द बारी यांनी दाखवली. या बुरशीने कुजवलेल्या गाजरांचा नुसता रस निरोगी गाजराच्या पेशी सुट्या करत होता. रस तापवला की तो गुण जाई.

चौथा दिवस. खोडावर पाणी धरल्यासारखा डाग. शेतकऱ्याला दिसतं ते आत्ता. या झाडापुरती फवारणीची वेळ टळली. ती पाकळ्या गळण्याआधीची होती.

पुढचे आठवडे. कापसासारखी पांढरी बुरशी, मग वाळकं पांढुरकं खोड, वाऱ्याने मोडणारं. चिरलं तर पोकळीत काळ्या टणक गाठी. मळणीत काही दाण्यांत मिसळतात, बाकीच्या रानात पडतात आणि काही वर्षं तग धरतात. पुढल्या रब्बीत तिथे हरभरा घेतला तर तोही या बुरशीला चालतो. गहू चालत नाही.