लोखंडी नांगर आणि मालकाचे देणे

लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९०३ च्या सुमारास आपले नांगर खपविण्यासाठी दोन वर्षे झगडावे लागले. १९१० साली औंध संस्थानातील ओसाड माळावर त्यांनी कारखान्याबरोबर कामगारांची वस्तीही वसविली, तीच किर्लोस्करवाडी. मालकांची स्तुती आमच्या तोंडी सहसा येत नाही. ही मात्र आम्ही मोकळ्या मनाने करतो.

पण हिशेब तेथे मिटत नाही. नांगरामागून पंप आला, ट्रॅक्टर आला. गोठ्यातले बैल गेले, त्यांच्यामागे सालदारही. नांगरलेली मोकळी माती पावसात वाहते आणि आपल्या सायखेड्याखाली नांदूर-मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात गाळ होऊन साचते. यंत्र विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने माणूस, माती नि पाणी यांचे देणे आधी मांडावे; नफा त्यानंतर.