भूल उतरतानाची अस्वस्थता (बालनेत्रशस्त्रक्रियेतील)

भूल उतरत असताना लहान मूल किंचाळते, हातपाय झाडते, आईलाही ओळखत नाही, त्या अवस्थेस दिलेली संज्ञा. ती साधारणपणे पहिल्या अर्ध्या तासात दिसते, बहुधा ५ ते १५ मिनिटांत आपोआप ओसरते. २ ते ५ वर्षांच्या मुलांत तिचे प्रमाण अधिक असते. नेत्रशस्त्रक्रियेनंतर मात्र तेवढा वेळही जोखमीचा ठरतो : मूल डोळ्याची पट्टी ओढते, डोळा चोळते, सलाईनची सुई उपसते.

कारणे : सेव्होफ्लुरेनसारख्या, झटपट उतरणाऱ्या वायुरूप भुलीनंतर ही अवस्था अधिक आढळते. वेदना, शस्त्रक्रियेपूर्वीची धास्ती आणि पट्टीमुळे अचानक न दिसणे यांनी ती वाढते. मात्र वेदना हे एकमेव कारण नव्हे. भूल देऊन केलेल्या वेदनारहित एमआरआय तपासणीनंतरही ती दिसते.

मापन : सिकिच व लरमन यांनी २००४ मध्ये मांडलेल्या ‘पीएईडी’ श्रेणीत नजरानजर, हेतुपूर्वक हालचाल, भोवतालाचे भान, चुळबूळ आणि समजूत न पटणे या पाच बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण देतात. एकूण २० पैकी १० वा अधिक गुण सामान्यतः लक्षणीय मानतात.

प्रतिबंध व उपचार : डेक्समेडेटोमिडीन हे औषध शिरेतून किंवा नाकावाटे देतात. ते झोपेसारखी गुंगी आणते, वेदना कमी करते आणि श्वसन फारसे मंदावत नाही. मात्र नाडी व रक्तदाब उतरू शकतो आणि जाग येण्यास उशीर होतो. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत डोळ्याचा स्नायू ओढल्यानेही नाडी मंदावते, म्हणून तेथे विशेष दक्षता घेतात. शस्त्रक्रियेच्या अखेरीस प्रोपोफॉल किंवा फेंटानिलची अल्प मात्रा, तसेच डोळ्याभोवतीची स्थानिक भूल हेही उपयुक्त पर्याय आहेत. मिडॅझोलॅमचा परिणाम एकसारखा आढळलेला नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ : जन्मजात मोतीबिंदू व दृष्टिदोषांची तपासणी समाविष्ट असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. मुलांच्या अनेक नेत्रशस्त्रक्रियांनंतर मुलाला त्याच दिवशी घरी सोडतात. घरी सोडण्यापूर्वी, विशेषतः पुण्याहून मावळातील वलवणपर्यंतच्या सुमारे ६५ किमीसारखा लांबचा प्रवास असल्यास, गुंगी पूर्ण उतरणे, नाडी व श्वसन स्थिर असणे आणि उलटी थांबणे आवश्यक असते. गुंगीचे औषध भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली रुग्णालयातच द्यावे. घरी देऊ नये.