टाळीची कुळकथा

सिनेमाच्या मुहूर्ताला नारळ फुटतो कॅमेऱ्यापुढे, पण दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो तो क्लॅप देणाऱ्या पाहुण्याचा. पाहुणा म्हणजे मंत्री, जुना नट किंवा निर्मात्याचे सासरे, कोणीही. हातात काळी-पांढरी पाटी, पाटीवर हळदीकुंकवाची बोटं. आपण नेमकं काय केलं हे त्याला विचारलं तर बहुधा सांगता येणार नाही. दोन लाकडी पट्ट्या एकमेकींवर आपटल्या, एवढंच. पण त्यातून एक असा क्षण तयार होतो जो दिसतोही आणि ऐकूही येतो. चित्र एका यंत्रात आणि आवाज दुसऱ्याच यंत्रात टिपलेला असला, की दोघांची गाठ मारायला असा एक क्षण पुरतो.

हा क्षण हाताशी नसला तर काय होतं, याचं सगळ्यात जुनं उदाहरण एडिसनच्या कारखान्यातलं आहे. १८९४-९५च्या सुमारास न्यू जर्सीत विल्यम डिक्सनने एका भल्यामोठ्या कर्ण्यासमोर उभं राहून व्हायोलिन वाजवलं. शेजारी दोन पुरुष एकमेकांना धरून नाचले. चित्र फिल्मवर उतरलं, आवाज मेणाच्या नळकांड्यावर. पुढे दोघांची ताटातूट झाली. फिल्म एका संग्रहात मुकीच राहिली आणि नळकांडं दुसरीकडे तडकून पडलं. १९९८ साली ते सांधून त्यावरचा आवाज काढला, तेव्हा तो दोनेक मिनिटांचा निघाला. चित्र होतं जेमतेम सतरा सेकंदांचं. आता या दोन मिनिटांतले सतरा सेकंद कोणते? टाळी तर कोणी वाजवली नव्हती. वॉल्टर मर्च या नावाजलेल्या संकलकाने अखेर ते जुळवलं. जगातल्या पहिल्या बोलपटाचा सिंक लागायला शंभर वर्षं गेली, ती अशी.

अमेरिकेत बोलपट धंद्याला लागले तेव्हाही आवाज वेगळाच होता. व्हिटाफोन नावाच्या पद्धतीत आवाजाच्या सोळा इंची तबकडीवर एक बाण काढलेला असे. सुई बाणावर, फिल्मची खूण केलेली फ्रेम प्रोजेक्टरच्या खिडकीत, आणि मग दोन्ही एकाच मोटरवर सुरू. १९२७चा ‘द जॅझ सिंगर’ असाच चालला. मध्येच फिल्म तुटली तर जितक्या फ्रेम गेल्या तितक्या काळ्या फ्रेम मोजून जोडाव्या लागत. नाहीतर तिथून पुढे नायकाचे ओठ एकीकडे आणि गाणं दुसरीकडे.

आपल्याकडच्या पहिल्या बोलपटाला हा ताप झाला नाही. १४ मार्च १९३१ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला अर्देशिर इराणींचा ‘आलम आरा’ टॅनार यंत्रणेवर केलेला होता. त्यात चित्र आणि आवाज एकाच फितीवर उमटत. जुळवाजुळव नाही, की टाळी नाही. (स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता, म्हणून गाड्या थांबल्यावर रात्री चित्रीकरण करावं लागे, ती अडचण वेगळी.) पण या सोयीची किंमत कापाकापीच्या टेबलावर मोजावी लागे. कॅमेऱ्यात चित्रापाशी फिल्म धक्क्याधक्क्याने सरकते आणि आवाजाला तर ती संथ सरकायला हवी. म्हणून आवाज चित्राच्या शेजारी न उमटता काही फ्रेम अंतरावर उमटतो. चित्र जिथे कापावं तिथे आवाज भलत्याच शब्दावर तुटतो. म्हणून आवाजाला स्वतःची फिल्म मिळाली आणि दोन फिल्म जुळवायचा प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला.

मूकपटाच्या काळात पाटी होतीच, फक्त शॉटचा नंबर दाखवायला. बोलपट आल्यावर तिच्याबरोबर पट्ट्या आल्या. एकाने पाटी धरायची आणि दुसऱ्याने पट्ट्या वाजवायच्या. बिजागरीने पट्ट्या जोडून वाजवायच्या युक्तीचं श्रेय सहसा मेलबर्नच्या फ्रँक थ्रिंगला देतात. त्याच्या स्टुडिओचं नाव होतं एफटी, म्हणजे त्याचीच आद्याक्षरं. पुढे पट्ट्या पाटीच्याच डोक्यावर बसल्या आणि एका माणसाची मजुरी वाचली. माझ्या मते हे वस्तू घडवण्यातलं अस्सल काटकसरी डोकं.

संकलकाच्या टेबलावर ही टाळी कशी दिसायची, ते सांगण्यासारखं आहे. फिल्म एकेक फ्रेम पुढे सरकवायची. पट्टी उतरताना धूसर दिसते, अजून धूसर, आणि मग एका फ्रेममध्ये एकदम स्पष्ट, मिटलेली. त्या फ्रेमवर मेणाच्या पेन्सिलीने फुली मारायची. मग आवाजाची फीत पुढे-मागे हाताने ओढत ‘टक्’ कुठे सुरू होतं ते शोधायचं आणि तिथे दुसरी फुली. फुलीला फुली लावली की पुढचा अख्खा शॉट आपोआप जागेवर. आवाज आणि चित्र समान वेगाने धावलेलं असलं तरच, अर्थात.

सगळा खर्च या समान वेगावर झाला. पोलंडहून स्वित्झर्लंडात आलेल्या स्टेफान कुडेल्स्कीने नागरा हा खांद्याला अडकवायचा टेपरेकॉर्डर काढला. पोलिश भाषेत ‘नागरा’ म्हणजे ‘रेकॉर्ड करील’. कॅमेऱ्याच्या मोटरचे ठोके एका वायरीतून याच टेपवर नोंदले जात, त्यावरून नंतर वेग सुधारता येई. मग ती वायरही नकोशी झाली. अमेरिकेत लीकॉक आणि पेनेबेकर या माहितीपटवाल्यांनी अ‍ॅक्युट्रॉन मनगटी घड्याळातला सेकंदाला ३६० वेळा थरथरणारा चिमटा कॅमेरा आणि रेकॉर्डर दोघांनाही घड्याळ म्हणून लावला. त्यानंतर स्फटिक आले, टाइमकोड आला. आमचे हिंदी-मराठी निर्माते मात्र खडखडणारे कॅमेरे घेऊन शूटिंगच्या वेळी नुसता खुणेपुरता आवाज, म्हणजे पायलट ट्रॅक, टिपत आणि नंतर डबिंगच्या अंधाऱ्या खोलीत नटाला त्याच्याच ओठांचा पाठलाग करायला लावत. २००१च्या ‘लगान’ने जागेवरच आवाज घेतला, त्याची केवढी बातमी झाली होती.

२००८मध्ये कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आला आणि फोटोचा कॅमेरा झकास व्हिडिओ काढू लागला. आवाज मात्र यथातथाच. मग कमी पैशांत काम करणाऱ्यांनी खिशातला रेकॉर्डर वेगळा चालवायला सुरुवात केली आणि टाळी, या खेपेला नुसत्या हातांची, परत आली. पुढे सॉफ्टवेअर निघाली. ती कॅमेऱ्यातला फुटका आवाज आणि रेकॉर्डरचा नीट आवाज एकमेकांवर सरकवत नेतात आणि लाटेवर लाट जिथे बसते तिथे थांबतात. फुल्यांचं काम यंत्राने उचललं.

यंत्राला एक गोष्ट मात्र कळत नाही, ती मला एका कीर्तनाने शिकवली. मोबाइल सभामंडपाच्या शेवटच्या खांबाला बांधलेला, रेकॉर्डर पुढे वीणेकऱ्यापाशी. टाळी द्यायला मी विसरलो. घरी सॉफ्टवेअरने सगळं पटकन जुळवून दिलं, तरी टाळकऱ्यांचे हात आणि टाळ काही पटेनात. हिशेब साधा होता. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो आणि २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे दर चौदा मीटरला एक फ्रेम उशीर. माझा खांब अठ्ठावीस मीटरवर, म्हणून फोनच्या माइकला सगळं दोन फ्रेम मागे ऐकू आलेलं आणि सॉफ्टवेअरने तोच उशीर इमानाने जपलेला. मग हातानेच शोधलं. अभंगाआधी एका टाळकऱ्याने नुसता टाळ तपासून पाहिला होता, एकच ठोका. त्याची फ्रेम आणि रेकॉर्डरमधला ठोका जुळवला.

दोन फ्रेमनी एवढं काय बिघडतं, असं वाटेल. उशिरा आलेला आवाज आपण खपवून घेतो, कारण लांब कपडे आपटणारा माणूस आपण जन्मभर तसाच पाहिलेला असतो. प्रक्षेपणाच्या मानकांनुसार आवाज सव्वाशे मिलिसेकंद मागे पडेपर्यंत बहुतेकांच्या लक्षात येत नाही, पुढे गेलेला मात्र पंचेचाळीसलाच खटकतो. माझे ऐंशी त्या हद्दीत बसत होते. पण टाळ ही खटकणारीच वस्तू आहे.

पुढच्या वर्षी मी आधीच रेकॉर्डरपाशी उभा राहून म्हटलं, “माउली, एकदा टाळी वाजवता का?”

“टाळी कशाला? टाळ आहे की गळ्यात.” म्हाताऱ्या टाळकऱ्यांनी रेकॉर्डरजवळ येऊन लेन्सकडे तोंड करून एकच ठोका दिला आणि जागेवर गेले. कीर्तन दोन तास चाललं. शेवटी लोक बुक्का लावून घेत होते, तेव्हा ते न सांगता पुन्हा आले आणि तिथेच दुसरा ठोका देऊन गेले. घरी पहिला ठोका जुळवला आणि शेवटचा तपासला. दोन्ही यंत्रांच्या घड्याळांत दोन तासांत तीन फ्रेमचं अंतर पडलं होतं. निरूपण आणि अभंग यांच्यामधल्या तीन शांत जागा शोधून तिथे एकेक फ्रेम काढली.