नांदेड ते लातूर : सायकलच्या गतीने वाचलेला इतिहास



"तू सायकलवर हिंडतेस, त्यावरच लिही," असं संपादक मंडळाने सुचवलं. प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा पिंड नाही. पुण्यात संगणकासमोर बसून पोट भरणारी मी बाई. पण गेली सहा वर्षं दिवाळी ते संक्रांत या दिवसांत सवड काढून मी गावाकडे येते आणि नांदेड-लातूर जिल्ह्यांतल्या रस्त्यांवर सायकल चालवते. त्या रस्त्यांनी आपल्या भागाचा जो इतिहास समजावून दिला, तो क्रमिक पुस्तकात आपण कधी वाचला नव्हता. तो इथे मांडते.

पहिली गोष्ट म्हणजे आपला भाग सपाट नाही. एसटीच्या खिडकीतून तो सपाट दिसतो, मोटारीतून तर दिसतच नाही. नांदेड गोदावरीच्या काठी आहे. तिथून लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाताना आपण अडीचशे मीटरच्या आसपास वर चढतो. ही बालाघाटाची डोंगररांग. हरिश्चंद्रगडाच्या बाजूने सुटून अहिल्यानगर, बीड, धाराशिव, लातूर करत ती नांदेड जिल्ह्यापर्यंत येते. तिच्या उत्तरेला गोदावरी, दक्षिणेला मांजरा. सह्याद्रीसारखी उंच शिखरं इथे नाहीत. चढावं, वर पठार लागावं, पुन्हा नदीकडे उतरावं, पुन्हा चढावं, असा सगळा मामला. एकाकी डोंगराला आपल्याकडे 'बेट' म्हणतात. हत्तीबेट, वडवळ नागनाथचं संजीवनी बेट. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या आपल्या माणसांनी डोंगराला बेट म्हणावं, याचं मला लहानपणी कोडं वाटायचं. करडई-ज्वारीच्या रानातून सायकलने जाताना दूरवर एकच उंचवटा दिसतो, तेव्हा या नावाचं कारण आपोआप कळतं.

या चढ-उतारांनीच आपल्याकडचे किल्ले घडवले. सह्याद्रीत कडा तासून गड उभा राहतो. इथे कडाच नाही, म्हणून खंदक खणावा लागला. कंधार, उदगीर, औसा हे तिन्ही भुईकोट. बहमनी राज्याची राजधानी पंधराव्या शतकात गुलबर्ग्याहून बिदरला आली, तेव्हा उदगीर आणि औसा हे बिदरच्या अंगणातले पहारेकरी झाले. औशाचा किल्ला तर सखल जागी आहे. भोवतीची जमीन उंच असल्यामुळे अगदी जवळ जाईपर्यंत तो नजरेत येत नाही. सायकलवरून मला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी त्याच्या पुढ्यात पोहोचले होते. शत्रूच्या तोफखान्यालाही असंच व्हावं, हीच बांधणाऱ्यांची अपेक्षा असणार.

माझा आवडता मार्ग नांदेडहून कंधारला जातो. कंधार हे राष्ट्रकूटांचं गाव. तिसऱ्या कृष्णाच्या काळातला, म्हणजे दहाव्या शतकातला इथला शिलालेख प्रसिद्ध आहे. त्यात जगत्तुंग समुद्र या तलावाचा उल्लेख येतो. तलावाला 'समुद्र' म्हणणारी माणसं पाण्याची किंमत जाणत होती. गावात क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे भग्न अवशेष सापडले. नुसत्या पावलांचा आकार पाहिला तरी मूर्ती केवढी असेल, या विचाराने मान वर जाते. पुढे मन्याड नदी अडवून बारूळला आणि लिंबोटीला धरणं झाली. एकाच नदीच्या खोऱ्यात हजार वर्षांपूर्वीचा तलाव आणि आपल्या काळातली धरणं एका दिवसात पाहता येतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पिण्याचं पाणी आणावं लागलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. जगत्तुंग समुद्राच्या काठी थांबले की मला ती रेल्वे आठवते. पाणी साठवणं हे आपल्या भागातलं राज्यकारभाराचं सगळ्यात जुनं काम आहे, आणि ते अजून पुरं झालेलं नाही.

कंधारहून मुखेडला दशरथेश्वराचं मंदिर आहे. तिथल्या सप्तमातृका नाचत आहेत. इतरत्र या माता एका ओळीत बसलेल्या दिसतात, इथे त्यांची पावलं थिरकतात. देगलूरकडे वळलं तर होट्टल. आज छोटं गाव, पण चालुक्यांच्या काळात ही पोट्टलनगरी होती. सिद्धेश्वराच्या मंदिराच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी पाहायला लोक आता दुरून येतात. आपल्या शाळेची सहल वेरूळ-अजिंठ्याला गेली होती. होट्टल त्याहून कितीतरी जवळ होतं.

मुखेडहून जळकोटमार्गे उदगीरला जाताना चांगलाच दम लागतो. उदगीरच्या लढाईचं नाव आपल्याला पानिपतच्या धड्यातल्या एका ओळीपुरतं ठाऊक होतं. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं आणि साठ लाखांचा मुलूख मिळवला, एवढीच ती ओळ. पण ही लढाई एका मैदानात झाली नव्हती. निजामाचं सैन्य उदगीरहून औशाच्या दिशेने सरकत होतं, त्याला धारूरकडच्या आपल्या फौजेला मिळायचं होतं. मराठे त्याला वाटेत चहूबाजूंनी घेरत होते आणि इब्राहिमखान गारद्याच्या तोफा त्याच्यावर चालत होत्या. उदगीर ते औसा हे अंतर सायकलने एका दिवसाचं. बैलांनी ओढलेल्या तोफा, हत्ती, बाजारबुणगे घेऊन या चढ-उतारांवरून, वेढ्यात सापडून सरकणाऱ्या सैन्याला ते किती लांब वाटलं असेल, हे पायडल मारताना कळतं. पाणी कुठे आहे, ओढा कुठे आडवा येतो, चढ कुठे संपतो, यावर त्या फौजेचं भवितव्य ठरत गेलं.

या विजयाला एक काळी किनार आहे. १० जानेवारीलाच बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले होते. भाऊ इथे जिंकत होते, तेव्हा ती बातमी उत्तरेतून यायची होती. मार्चमध्ये भाऊ आपल्या मराठवाड्यातल्याच परतूरहून उत्तरेकडे निघाले. उदगीरला गाजलेला इब्राहिमखानाचा तोफखाना बरोबर होता. १४ जानेवारी १७६१ ला काय झालं, ते सांगायला नको. पानिपतची वाट आपल्या गावांवरून गेली होती, हे मात्र कुणीतरी आपल्याला सांगायला हवं होतं.

उदगीरजवळ देवर्जनचं हत्तीबेट आहे. रझाकारांविरुद्धच्या लढ्यात त्याच्या आडोशाला माणसं राहिली. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, आपण १७ सप्टेंबर १९४८ ला. हे तेरा महिने ज्यांनी गढ्यांत, रानात, बेटांवर काढले, त्यांच्यापैकी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसं उरली असतील.

रस्त्यांनाही इतिहास असतो. आपल्या भागातले कितीतरी रस्ते आणि पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळी कामांवर झाले. माझी आजी त्या कामावर खडी फोडायला जायची. सुकडी मिळायची, ती पदरात बांधून घरी आणायची. "ह्या रस्त्यात माझी खडी हाय," असं ती सांगायची. डांबराचे कितीतरी थर त्यावर चढले, पण चढावर मी गियर बदलते तेव्हा ते वाक्य आठवतं. आपल्यापैकी किती जणांच्या आज्या त्या खडीत आहेत, याची मोजदाद कुणी केलेली नाही.

आता सायकलवरच्या बाईकडे लोक कसे पाहतात, तेही सांगते. एका पाटीवर चहाला थांबले तर एक म्हातारी जवळ आली. "माय, घरी गाडी नाही का? सायकल घेऊन कामून हिंडूलालीस?" मी म्हटलं, गाव बघायला. ती म्हणाली, "मग मला विचार की. गाव मी सांगते." अर्धा तास तिने गावची बारव, मोडलेली गढी, आटलेला ओढा, कुणाचा वाडा कुणी विकला, सगळं सांगितलं. मोटारीतून उतरलेल्या माणसाशी ती असं बोलली असती, असं मला वाटत नाही.

निलंग्याचं नीलकंठेश्वराचं मंदिर पाहून लामजन्याच्या बाजूला निघालं की खरोसा लागतं. जांभ्या दगडात कोरलेल्या इथल्या लेण्या साधारण सहाव्या शतकातल्या. जांभा ठिसूळ, त्यामुळे मूर्तींची नाकं-डोळी झिजली आहेत. तरी महिषासुरमर्दिनी ओळखू येते. या डोंगरावर उभं राहिलं की पुढचा सगळा मुलूख दिसतो. त्याच मुलखात किल्लारी आहे.

३० सप्टेंबर १९९३. आपण आठवीत होतो. गणपतींचं विसर्जन आटोपून माणसं झोपली होती. पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं पूर्ण गेली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. दख्खनचं पठार भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित, असं तोपर्यंत मानलं जायचं. माणसं भूकंपाने मेली त्याहून जास्त घरांनी मारली. मातीत बसवलेले ओबडधोबड दगड, दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं हेच घर त्या पहाटे अंगावर आलं. जवळच्या खरोशाच्या लेण्या मात्र चौदाशे वर्षांनंतरही उभ्याच आहेत, कारण त्या एका दगडात कोरलेल्या आहेत, रचलेल्या नाहीत.

त्या दिवाळीनंतर आपल्या वर्गात तिकडची तीन मुलं आली, हे तुम्हाला आठवत असेल. "त्यांना काही विचारायचं नाही, डबा मात्र रोज सोबत खायचा," असं आपल्या वर्गशिक्षकांनी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. त्या दोन वाक्यांत केवढं शहाणपण होतं, हे मला आई झाल्यावर कळलं.

त्यांच्यापैकी आपल्या एका मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी मला तिचं जुनं गावठाण दाखवलं. तिच्या परवानगीनेच हे लिहिते आहे. मी सायकलवर, ती तिच्या स्कूटीवर. बाभळी आणि गवत, अधूनमधून जोत्याचे दगड. ती मात्र न अडखळता चालत होती. "ही आमची गल्ली. इथं हातपंप. हे सुताराचं घर. इथं आमची चूल." एका जागी थांबून म्हणाली, "आजी इथं झोपायची." नंतर बराच वेळ काही बोलली नाही. मग नवीन गावात तिच्या काकूंकडे जेवायला गेलो. तिथे रस्ते रुंद आहेत, घरं हलकी आणि पक्की आहेत. काकू म्हणाल्या, "घर चांगलं हाय बाई. पण जुन्या गावात आवाज दिला की शेजारीण येत होती. आता फोन लावावा लागतो."

जेवताना मैत्रीण म्हणाली, "जुन्या गावाचा नकाशा आता माझ्या आणि काकूंच्या डोक्यात आहे. माझ्या मुलांना तिथं फक्त बाभळी दिसतात." आम्ही त्याच दुपारी वहीच्या मधल्या जोडपानावर तो नकाशा काढला. काकू सांगत होत्या, मैत्रीण दुरुस्त करत होती, मी रेघा ओढत होते. एका विहिरीच्या जागेवरून दोघींचं भांडणही झालं. ५४ घरं झाली, तेव्हा पान संपलं.

राष्ट्रकूटांचा शिलालेख दगडावर आहे, तो टिकेल. उदगीरची लढाई पत्रव्यवहारात, बखरीत नोंदली गेली. पण तेरा महिन्यांचा रझाकारी काळ, बहात्तरची खडी, त्र्याण्णवची गल्ली, हे सगळं माणसांच्या डोक्यात आहे. आपण आता पंचेचाळिशीकडे झुकलो. बहात्तर पाहिलेले आपले आई-वडील सत्तरी ओलांडत आहेत. आपले गुरुजनही.

म्हणून या मेळाव्यात एक विनंती करते. प्रत्येकाने आपल्या गावाबद्दल दोन पानं लिहून आणावीत. बारव कुठे, गढी कुणाची, ओढ्याचं नाव काय, बहात्तरला कोण कुठल्या कामावर होतं, त्र्याण्णवच्या पहाटे घरात कोण कुठे झोपलं होतं. शुद्धलेखनाची चिंता नको, ते तपासायला मराठीच्या बाई आहेतच. पानं टंकून एकत्र करण्याचं आणि शाळेच्या वाचनालयात एक प्रत ठेवण्याचं काम मी घेते. नकाशा काढायला मदत हवी असेल तर कळवा, जानेवारीत मी पुन्हा येते आहे. अहमदपूर, चाकूर, औसा, निलंगा, कंधार, मुखेड, ज्या गावाचं बोलावणं येईल तिथे सायकलने येईन. फक्त चहा आणि हवा भरायचा पंप तयार ठेवा. रानातल्या वाटेवर बाभळीचे काटे फार आहेत.