आम
१७. आम : ‘दिवाण-इ-आम’मधील ‘आम’ हा मूळ अरबी शब्द फारसीमार्गे भारतीय भाषांत आला. अर्थ : सर्वसाधारण, सर्वांसाठीचा; विरुद्धार्थी ‘खास’. दिल्लीच्या लाल किल्ल्यात (बांधकाम १६३८–४८) बादशहाचा जाहीर दरबार दिवाण-इ-आममध्ये भरे, तर निवडक मानकऱ्यांच्या भेटी दिवाण-इ-खासमध्ये होत. मराठीतील ‘आमसभा’, ‘आमजनता’ हे शब्द याच ‘आम’पासून झाले. ‘आमराई’तील ‘आम’ मात्र संस्कृत ‘आम्र’ म्हणजे आंबा यावरून आला. हिंदीत आंब्याचे नावच ‘आम’ आहे. ‘आमवात’, ‘आमांश’ या वैद्यकातील संज्ञांत संस्कृत ‘आम’ म्हणजे कच्चे, न पचलेले असा अर्थ आहे. अरबी ‘आम’चा या संस्कृत शब्दांशी व्युत्पत्तीच्या दृष्टीने संबंध नाही, साम्य केवळ उच्चाराचे आहे.