आधी नकाशा, मग नियम

फायरवॉल हा विषय तांत्रिक म्हणून बिचकू नये. बाहेरून आलेले पॅकेट आत घ्यायचे की नाही, हे ठरवण्याचे हे शास्त्र आहे, आणि त्यात यंत्रापेक्षा माणसाच्या निर्णयाचा वाटा मोठा आहे.

सुरुवातीचे इंटरनेट विद्यापीठांचे आणि संशोधनसंस्थांचे. तिथे परस्परांवर विश्वास होता. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेल्या वर्मने हजारो संगणक जेरीस आणले आणि त्या विश्वासाला तडा गेला. १९९४ मध्ये चेसविक आणि बेलोव्हिन यांचा फायरवॉलवरचा ग्रंथ येईपर्यंत हा स्वतंत्र विषय झाला होता.

पॅकेट फिल्टर पाहतो ते इतकेच: पॅकेट कुठून आले, कुठे चालले, कोणत्या पोर्टवर. बहुतेक फायरवॉल नियम वरून खाली तपासतात आणि जुळलेला पहिला नियम लागू करतात. त्यामुळे क्रम चुकला की बिनचूक लिहिलेला नियमही वाया जातो. सर्वांत मोलाचा नियम तळाशी असतो: वर ज्याला परवानगी नाही, ते सगळे बंद. पुढे स्टेटफुल फायरवॉल आले. आतून कोणी काय मागितले हे ते लक्षात ठेवतात आणि त्याच्याच उत्तराला वाट देतात.

२५ जानेवारी २००३ रोजी स्लॅमर हा वर्म जगभर पसरला. अख्खा वर्म ३७६ बाइटचा, एकाच यूडीपी पॅकेटमध्ये मावणारा. यायचा १४३४ या पोर्टवर. अमेरिकेत ओहायोतील डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्राच्या फायरवॉलवर हे पोर्ट बंदच होते. तरीही वर्म आत शिरला, कारण एका कंत्राटदाराच्या नेटवर्ककडून आलेली लाइन फायरवॉलला वळसा घालून जात होती. सुरक्षेची मापे दाखवणारी यंत्रणा जवळजवळ पाच तास बंद पडली. अणुभट्टी आधीपासूनच बंद होती, हे सुदैव.

ही घटना मला या विषयाची खरी शिकवण वाटते. नियमात खोट नव्हती. नियमाला न विचारता आत येणारी एक वाट उरली होती. म्हणून या पुस्तकात नियमांआधी नकाशा येतो. वाचकाने आपल्या ऑफिसच्या नेटवर्ककडे येणाऱ्या सगळ्या वाटा कागदावर काढाव्यात: कंत्राटदाराचे व्हीपीएन, देखभालीसाठी कधीकाळी दिलेली लाइन, टेबलाखाली कुणीतरी लावलेला वायफाय राउटर. तो कागद जवळ ठेवूनच पहिले प्रकरण उघडावे.