बडगे जाळून झाल्यावर...

मंडळी, आमच्या इतवारीचं एक बरं आहे. नेत्यांची भर रस्त्यात टिंगल करायला वर्षातला एक दिवस राखून ठेवलाय! तान्ह्या पोळ्याला काळी आणि पिवळी मारबत निघते, नेहरू पुतळ्यापाशी दोघींची भेट होते आणि सोबत असतात बडगे. महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा... 'इडापीडा घेऊन जा' म्हणत गर्दी ओरडते, शेवटी सगळं जाळतात, आणि दुसऱ्या दिवशी दुकानं नेहमीसारखी उघडतात.

मागच्या निवडणुकीत मी ज्या पक्षाला मत देत आलो, त्याच्याच उमेदवाराबद्दल मित्रांमध्ये दोन शब्द वाकडे बोललो. लगेच प्रश्न आला, "काय बे, पार्टी बदलली का?" ऑफिसात माझ्या कोडमधला बग दाखवणाऱ्याला कोणी असं विचारत नाही. मग राजकारणातच काय होतं?

यावर मला लोकनायक बापूजी अणे आठवतात. जन्म १८८०, गाव वणी. टिळकांचे अनुयायी. १९३० मध्ये पुसदला जंगल सत्याग्रह केला, १९३३ मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष झाले. म्हणजे पक्षातले अगदी आतले! पण जातीय निवाड्यावर काँग्रेसने 'ना स्वीकार, ना नकार' अशी भूमिका घेतली, ती त्यांना पटली नाही. १९३४ मध्ये मालवीयजींबरोबर बाहेर पडून त्यांनी वेगळा पक्ष काढला आणि निवडणुकीत स्वतःचे उमेदवार उभे केले. नुसतं कुरकुरत बसले नाहीत. आणि गंमत म्हणजे कायदेमंडळात इतर बहुतेक प्रश्नांवर ते काँग्रेसच्याच बाजूला राहिले. मतभेद एका मुद्द्यावर होता, वैर नव्हतं.

पण अण्यांनाही देव्हाऱ्यात बसवू नका हं. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना अटक झाली तरी ते तिथेच होते. त्याच महिन्यात चिमूरला लष्कर-पोलिसांनी गावकऱ्यांवर, बायकांवर अत्याचार केले. सेवाग्रामचे प्रा. भन्साळी थेट दिल्लीला अण्यांकडे गेले. म्हणणं साधंच होतं : तुम्ही आमच्या भागातले, चिमूरला चला, चौकशी करा. अण्यांनी ते मानलं नाही, तेव्हा भन्साळी त्यांच्याच घरी उपोषणाला बसले! 'आपला माणूस' म्हणून सूट नाही, उलट आपला म्हणूनच जाब. सरकारने भन्साळींना परत धाडलं, पण त्यांचं उपोषण जानेवारी १९४३ पर्यंत चाललं. पुढच्याच महिन्यात गांधीजींनी २१ दिवसांचं उपोषण सुरू केलं आणि सरकार त्यांना सोडेना, तेव्हा अण्यांनी राजीनामा दिला. उशिरा, पण दिला.

आता आपल्या नागपूरकरांकडे या. १९५२ आणि १९५७ ला इथून काँग्रेसच्या अनसूयाबाई काळे लोकसभेवर गेल्या. मधल्या काळात, १९५५ मध्ये, राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती बाजूला पडली, १९५६ ला नागपूरची राजधानी गेली आणि १९६० ला आपण महाराष्ट्रात आलो. राग होताच. पण १९६२ च्या निवडणुकीत नागपूरने नुसता बडगा जाळला नाही. वेगळ्या विदर्भाचे जुने पुरस्कर्ते, ८१ वर्षांचे बापूजी अणे, यांना अपक्ष म्हणून निवडून दिलं. ज्या माणसाच्या चुका उघड माहीत होत्या, त्यालाच, तोलून-मापून.

वेगळा विदर्भ झाला का? नाही. १९६७ ला ही जागा पुन्हा काँग्रेसकडे गेली. मग उपयोग काय? मला वाटतं, एवढाच की मत म्हणजे लग्नगाठ नव्हे, हे या शहराने एकदा करून दाखवलं. लोक रागावले, पर्याय शोधला, पाच वर्षांनी पुन्हा हिशेब मांडला.

आपण मात्र बडग्यावर थांबतो. टिंगल केली, पुढे ढकलली, संपलं. आपल्याच पक्षाने वाईट उमेदवार दिला तर 'दुसरा द्या' असं तिकीटवाटपाच्या आधी किती जण सांगतात? आणि दुसरीकडे बरा माणूस उभा असेल तर त्याच्यासाठी एक रविवार किती जण देतात? मी तरी आजवर दिलेला नाही.

असो. तर्री-पोहे थंड होताहेत. पण पुढच्या वेळी कोणी "पार्टी बदलली का?" विचारलं, की मी म्हणणार, "नाही रे, उमेदवार बदला म्हणतोय."